अक्कोमधली क्रूसेडची पायी फेरी : कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

इस्रायलला जाणारी आपली बहुतेक माणसं जेरुसलेम, बेथलेहेम, गालील आणि मृत समुद्र करून परततात. वसईहून, गोव्याहून पवित्र भूमीच्या यात्रा निघतात, त्यांत अक्कोला, हैफाजवळच्या समुद्रकाठच्या जुन्या शहराला, फार तर जेवणापुरता थांबा मिळतो. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा लांबलचक अभिप्राय लिहिते आहे. मध्ययुगातली ख्रिस्ती धर्मयुद्धं, म्हणजे क्रूसेड, का झाली आणि त्यांनी मागे काय ठेवलं, हे समजून घ्यायचं असेल तर जेरुसलेमपेक्षा अक्को जास्त सांगतं. जेरुसलेम पहिल्या खेपेला क्रूसेडर्सकडे 88 वर्षं टिकलं, 1099 ते 1187. अक्को 1104 पासून 1291 पर्यंत, मधली चार वर्षं सोडली तर, त्यांच्याच हातात होतं आणि शेवटची शंभर वर्षं तेच त्यांच्या राज्याचं मुख्य शहर होतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायचे. मुलगी हैफाला संशोधन करते. 2023 च्या वसंतात तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा ही फेरी घेतली. अक्कोत अशा फेऱ्या बऱ्याच आहेत. आमची एका स्थानिक गाइडची, इंग्रजीतून, दहाएक माणसांची, सकाळी सुरू होऊन दुपारच्या जेवणाच्या सुमाराला संपणारी. गाइड म्हणजे जुन्या शहरातच वाढलेले साठीच्या घरातले अरब ख्रिस्ती गृहस्थ. त्यांचं नाव इथे जाहीर लिहिणं मला योग्य वाटत नाही. फी स्वस्त नाही. हैफातल्या साध्या हॉटेलात दोघांनी पोटभर जेवावं तेवढी एका माणसाला पडते, आणि किल्ल्याचं व बोगद्याचं तिकीट वेगळं.

कुठलीही ऐतिहासिक फेरी चांगली की वाईट हे ठरवताना मी दोन गोष्टी बघते. माणसं तिथे आली ती का आली, हे सांगतात का? आणि ज्यांनी काहीच ठरवलं नव्हतं त्यांचं पुढे काय झालं, हे सांगतात का? पहिल्या बाबतीत ही फेरी उत्तम आहे. दुसऱ्या बाबतीत अर्धीमुर्धी.

सुरुवात हॉस्पिटलर सरदारांच्या, म्हणजे धर्मव्रत घेतलेल्या लढवय्यांच्या एका संघाच्या, वाड्याच्या मोठ्या चौकात होते. बाकीचे गाइड तिथे लगेच 1191 चा वेढा, इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड, तलवारी असं सुरू करतात. शेजारच्या दोन गटांचं ऐकू येत होतं. आमच्या गाइडनी सगळ्यांना जिन्याच्या पायऱ्यांवर बसवलं आणि विचारलं, उत्तर फ्रान्समधला जमीनदार, घोडा आहे, गढी आहे, बायकामुलं आहेत, तो सगळं सोडून तीन वर्षं चालत इथे का येईल?

गटातून अपेक्षित उत्तरं आली. जमिनीची हाव. वाटणीत काही न मिळालेली धाकटी भावंडं. धर्म हा नुसता बहाणा. आपल्याकडेही शिकलेली माणसं हेच म्हणतात, आणि म्हणताना आपण फार खोलातलं बोललो असं त्यांना वाटतं. गाइडनी शांतपणे एकेक उदाहरण पुढे ठेवलं. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट हा थोरला मुलगा. त्यानं या मोहिमेसाठी आख्खी नॉर्मंडी 10,000 मार्क चांदीवर आपल्या धाकट्या भावाकडे, इंग्लंडच्या राजाकडे, गहाण टाकली. बूयाँच्या गॉडफ्रीनं आपला किल्ला लिएजच्या बिशपकडे गहाण टाकला. घोडे, चिलखत, नोकरचाकर, वाटखर्च धरला तर एका सरदाराला कित्येक वर्षांचं उत्पन्न यात घालावं लागे. आणि 1099 मध्ये जेरुसलेम पडल्यावर बहुतेक जण सरळ घरी गेले. राज्य सांभाळायला जेमतेम काही शे सरदार उरले. जमिनीसाठी आलेला माणूस जमीन मिळाल्यावर परत जात नाही.

मग का? इथे त्यांनी पापक्षालनाची गोष्ट फार चांगली उलगडून सांगितली. त्या काळच्या सरदाराचं आयुष्य मारामारीत जायचं आणि चर्च त्याला सांगायचं की हे सगळं पाप आहे. पापाचं प्रायश्चित्त म्हणून उपास, दान, तीर्थयात्रा करायची. 27 नोव्हेंबर 1095 रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे पोप दुसऱ्या अर्बननं जाहीर केलं की जो शुद्ध हेतूनं जेरुसलेमच्या मुक्तीसाठी जाईल त्याचा तो प्रवासच प्रायश्चित्त धरला जाईल. म्हणजे आजवर ज्या कामाची शिक्षा भोगायची होती तेच काम केल्यानं शिक्षा माफ. ज्याला नरकाची खरोखर भीती वाटते त्याच्या कानाला हे कसं लागलं असेल, याचा विचार केल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. वारीला जाणाऱ्याला फायदा काय म्हणून विचारणाऱ्याला वारी जशी कळत नाही, तसंच.

राजकारणही त्यांनी वगळलं नाही. 1071 मध्ये मान्झिकर्टला सेल्जुक तुर्कांनी पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्याच्या, म्हणजे बायझंटाइन, सम्राटाचा पराभव केला, आशिया मायनर हातचा गेला, आणि 1095 च्या मार्चमध्ये सम्राट अलेक्सियसच्या वकिलांनी पियाचेन्झाच्या परिषदेत पोपकडे सैनिकी मदत मागितली. त्याला भाडोत्री पथकं हवी होती. आला तो लोंढा. पोपचं जर्मन सम्राटाशी भांडण चालू होतं, रोममध्ये प्रतिस्पर्धी पोप बसवलेला होता, पूर्वेच्या चर्चशी 1054 पासून फाटलेलं होतं. आख्ख्या पश्चिम युरोपला एका हाकेसरशी उठवणारा पोप या सगळ्यांत वरचढ ठरणार, हे अर्बनला कळत नव्हतं असं नाही. पण हिशेब होता म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही, आणि श्रद्धा होती म्हणून हिशेब सुटत नाही. गाइडनी हे दोन्ही सोबत ठेवलं. पुढची सगळी फेरी याच धाग्यावर आहे, आणि मला ती आवडली ती यामुळे.

चौकातून आत गेल्यावर खांबांचं दालन लागतं. तीन प्रचंड गोल खांब, वर कमानींचं छत, दोन कोपऱ्यांत फ्रान्सच्या राजघराण्याचं लिलीचं फूल कोरलेलं. इथे हॉस्पिटलर मंडळी जेवायची. या दालनांबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी : 1291 नंतर अक्को जवळजवळ साडेचारशे वर्षं उद्ध्वस्त पडून होतं आणि अठराव्या शतकात ऑटोमन काळात जेव्हा वर नवा किल्ला बांधला, तेव्हा खालची दालनं माती भरून बुजवली. त्या मातीनंच ती जपली. इंग्रजांच्या काळात वरच्या किल्ल्यात तुरुंग होता, 1947 मध्ये तिथून कैदी फोडून नेले गेले, आणि खालची माती काढायचं काम त्यानंतर काही दशकं चाललं. गाइडनी तुरुंगाचा भाग दोन वाक्यांत आटोपला. ते बरोबरच केलं, तो वेगळ्या फेरीचा विषय आहे.

आता साखर. यासाठी तरी ही फेरी घ्याच, विशेषतः आपल्या ऊसपट्ट्यातल्या लोकांनी. हॉस्पिटलर वाड्याच्या उत्खननात मातीची भांडी मोठ्या संख्येनं सापडली. काही साधे वाडगे आहेत, जेवणघरासाठी घाऊक घडवलेले, कसलंही नक्षीकाम नाही. पण उरलेल्यांत निमुळत्या, तळाला भोक असलेल्या कुंड्या आणि त्यांच्याखाली ठेवायचे बुधले आहेत. उसाचा रस आटवून तो या निमुळत्या कुंडीत ओतायचा. मळी भोकातून खालच्या बुधल्यात ठिबकत राहायची आणि कुंडीत साखरेची ढेप घट्ट व्हायची. मी काचेसमोर उभी राहिले आणि हलेना. आमच्या गावच्या गुऱ्हाळात काहिलीतून रस उपसताना लहानपणापासून बघितलेलं काम, आणि ते काम इथे, जेरुसलेमच्या रक्षणाची शपथ घेतलेल्या ब्रह्मचारी सरदारांच्या घरात.

ऊस इथे अरबांनी आणला आणि रुजवला होता. 1099 मध्ये आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीजवळून जाताना भुकेले क्रूसेडर सैनिक उसाची कांडं चोखत पुढे गेले, असं त्यांच्याच बाजूच्या इतिवृत्तकारानं लिहून ठेवलं आहे. त्यातल्या बहुतेकांनी ती चव आयुष्यात पहिल्यांदा घेतली. नंतर टायर, तिबेरियास, त्रिपोली, अक्को इथल्या उसाच्या जमिनी आणि गिरण्या सरदारांच्या संघांकडे आल्या. अक्कोच्या दक्षिणेला नामान नावाची छोटी नदी आहे. तिच्यावर टेम्पलरांची, म्हणजे अशाच दुसऱ्या सरदार-संघाची, एक गिरणी आणि हॉस्पिटलरांची एक. दोघांचं पाण्यावरून भांडण : वरच्यानं पाणी कधी सोडायचं, खालच्यानं किती तुंबवायचं. कृष्णाकाठच्या माणसाला हे भांडण समजावून सांगावं लागत नाही. दोघंही ख्रिस्ताचे सैनिक, दोघंही पोपच्या थेट अधिकाराखाली, आणि पाण्याच्या वाट्यासाठी वर्षानुवर्षं तंटा.

पण इथेही गाइडनी दुसरी बाजू सोडली नाही. हॉस्पिटलरांचं मूळ काम नावाप्रमाणे रुग्णसेवेचं होतं, यात्रेकरूंसाठी. 1182 च्या त्यांच्या नियमावलीत लिहिलंय की तिबेरियास आणि त्रिपोलीकडच्या त्यांच्या कारभाऱ्यांनी प्रत्येकी दोन क्विंटल साखर जेरुसलेमच्या रुग्णालयाला, औषधं आणि पाकांसाठी, पाठवावी. साखर तेव्हा औषध होती. तीच विकून युद्धाचा खर्चही निघत होता. रुग्णाच्या उशाशी ठेवलेली आणि जहाजावर चढवलेली साखर एकाच कुंडीतली.

या साखरेचं पुढे काय झालं हे मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटली. 1291 मध्ये अक्को गेल्यावर हा धंदा सायप्रसला हलला. हॉस्पिटलरांची कोलोसीची साखर गिरणी अजून उभी आहे. तिथून तो पश्चिमेकडे सरकत पोर्तुगीजांबरोबर मदिरा बेटावर गेला, मग ब्राझीलला, आणि प्रत्येक टप्प्यावर गुलामांचे हात वाढत गेले. क्रूसेडचे परिणाम सांगताना लोक मसाले, रेशीम, ज्ञानाची देवाणघेवाण असली सुखद यादी वाचतात. आफ्रिकेतून अमेरिकेत नेलेल्या लाखो माणसांच्या गोष्टीचं एक टोक या भोकं पाडलेल्या कुंड्यांपर्यंत येतं, हे त्या काचेसमोर कुणीतरी सांगायला हवं. मी गटाला सांगितलं. गाइडनी ऐकून घेतलं, एक-दोन प्रश्नही विचारले.

वाड्यातून बाहेर पडून बाजारातून बंदराकडे जाताना त्यांनी खान अल्-उम्दान या व्यापाऱ्यांच्या जुन्या सराईसमोर थांबवलं. आत जाता आलं नाही, बाहेरूनच बघितलं. हा खान अठराव्या शतकातला, पण क्रूसेडच्या काळात राज्याचं जकातघर याच जागी होतं असं मानतात. 1184 मध्ये अंदलूसचा, म्हणजे मुस्लिम स्पेनचा, प्रवासी इब्न जुबैर हज करून परतताना या जकातघरातून गेला. दारात गालिचे टाकलेल्या ओट्यांवर ख्रिस्ती कारकून बसलेले, समोर सोन्याची कलाकुसर असलेल्या आबनुसी दौती, लिहायचे अरबीत आणि बोलायचेही अरबीत. शहर त्याला घाण आणि दुर्गंधीनं भरलेलं वाटलं. पण वाटेत तिबनीनजवळच्या खेड्यांत फ्रँक, म्हणजे युरोपीय ख्रिस्ती, मालकांच्या हाताखालचे मुस्लिम शेतकरी अर्धं पीक आणि माणशी दीड दिनारापेक्षाही कमी कर देऊन बऱ्यापैकी सुखात आहेत, हे त्यानं मोठ्या दुःखानं नोंदवलं. परधर्मी राजवटीत आपली माणसं सुखी असावीत हे त्याला सलत होतं. रणांगणावरून काही कोसांवर हे असं चालू होतं. याचा अर्थ सगळं गोडीगुलाबीचं होतं असा नाही. अर्धं पीक म्हणजे अर्धं पीक.

तिथेच उभ्या उभ्या त्यांनी नाण्यांचा किस्सा सांगितला, तो मला फेरीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटला. अक्कोच्या टांकसाळीत क्रूसेडर्स सोन्याची नाणी पाडायचे, ती हुबेहूब इजिप्तच्या फातिमी दिनारांसारखी : अरबी अक्षरं, खलिफा अल्-आमिरचं नाव आणि इस्लामचा कलमासुद्धा. व्यापाऱ्यांचा त्याच नाण्यावर विश्वास होता म्हणून. शंभर वर्षांच्या आसपास हे चाललं. 1250 च्या सुमारास फ्रान्सचा राजा नववा लुई याच्याबरोबर आलेल्या पोपच्या प्रतिनिधीला ते दिसलं, तो हादरला, पोपनं बहिष्काराची धमकी दिली. मग 1251 पासून अक्कोत नवी नाणी निघाली : मध्ये क्रूस, भोवती पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव, पण अक्षरं अरबीच. बाजाराला अरबी हवी होती, पोपला ख्रिस्त हवा होता. टांकसाळीनं दोघांचं ऐकलं. खिशात मावणाऱ्या या एका वस्तूत दोनशे वर्षांचा सगळा पेच आहे. या नाण्याचं मोठं छायाचित्र गाइडनी जवळ ठेवायला हवं. हाताच्या खुणांनी ते नीट कळत नाही.

टेम्पलर बोगदा मुलांना आवडेल. 350 मीटर लांब, पश्चिमेच्या टेम्पलर गढीपासून पूर्वेच्या बंदरापर्यंत. 1994 मध्ये तुंबलेल्या सांडपाण्याच्या तक्रारीमुळे सापडला. वाकून चालावं लागतं, पायाखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली पाणी. बाकी त्यात बघण्यासारखं फार नाही. गढी आता समुद्रात आहे, किनाऱ्यावरून पाण्याखाली तिचा पाया दिसतो.

याच वळणावर जिनोआ आणि व्हेनिसच्या भांडणाची गोष्ट येते. इटालियन व्यापारी शहरांनी जहाजं पुरवली म्हणून किनाऱ्यावरची बंदरं जिंकता आली, आणि बदल्यात त्यांना शहरात स्वतःचे मोहल्ले, चर्च, न्यायालयं आणि जकातीत वाटा मिळाला. 1256 मध्ये सेंट सबास मठाच्या मालमत्तेवरून जिनोआ आणि व्हेनिसचे लोक अक्कोच्या गल्ल्यांतच लढायला लागले. एकमेकांच्या वस्त्यांवर दगडफेकी यंत्रांनी मारा केला. टेम्पलर एका बाजूला, हॉस्पिटलर दुसऱ्या. तटबंदीच्या बाहेर इजिप्तच्या मामलुक सुलतानांची सत्ता वाढत होती. गल्ली इतकी अरुंद आहे की दोन हात पसरले की भिंती लागतात, आणि तिथे उभं राहून हे ऐकताना अंगावर येतं.

आता कत्तलींबद्दल. अशा फेऱ्यांची खरी परीक्षा इथे होते, कारण प्रत्येक श्रोत्याला आपल्या बाजूचं रक्त मोजलेलं हवं असतं. गाइडनी 20 ऑगस्ट 1191 चा प्रसंग काहीही मऊ न करता सांगितला. अक्को शरण आल्यावर खंडणी आणि अदलाबदलीच्या वाटाघाटी रेंगाळल्या, आणि रिचर्डनं सुमारे 2,700 मुस्लिम कैद्यांना शहराबाहेर अय्यादियाच्या टेकडीजवळ नेऊन, मुस्लिम सुलतान सलादीनच्या सैन्याच्या डोळ्यांदेखत, मारलं. सलादीनचा उदारपणाही त्यांनी नीट सांगितला : 1187 मध्ये जेरुसलेम घेतल्यावर कत्तल नाही, पुरुषाला 10 दिनार, बाईला 5 दिनार देऊन सुटका. आणि ताबडतोब जोडलं की ज्यांना ते परवडलं नाही असे हजारो गुलाम म्हणून विकले गेले. 1291 च्या शेवटच्या वेढ्याआधी, 1290 मध्ये, नव्यानं आलेल्या इटालियन जमावानं अक्कोत मुस्लिम व्यापारी आणि शेतकऱ्यांना मारलं होतं, सुलतानाला युद्धाचं कारण तिथे मिळालं, हेही सांगितलं. 18 मे 1291 रोजी सुलतान अल्-अश्रफ खलीलच्या सैन्यानं शहर घेतल्यावर जे झालं तेही. कुणाचीच बाजू न घेता आणि तरीही कोरडेपणा येऊ न देता हे सांगणं सोपं नाही.

पण त्यांच्या हकिकतीत ऱ्हाइनकाठ नव्हता. पहिलं क्रूसेड जेरुसलेमला पोचण्याआधी तीन वर्षं, 1096 च्या मे महिन्यात, श्पायर, वर्म्स आणि माइन्ट्स या जर्मन शहरांत क्रूसेडला निघालेल्या टोळ्यांनी ज्यूंच्या वस्त्या कापल्या. येशूचे शत्रू आपल्या दारातच असताना तेवढ्या लांब कशाला जायचं, असा त्यांचा युक्तिवाद होता. श्पायरच्या बिशपनं बहुतेकांना वाचवलं. माइन्ट्सच्या आर्चबिशपला जमलं नाही. तिथे बाप्तिस्मा टाळण्यासाठी आईबापांनी स्वतःच्या लेकरांचे जीव घेतले. हिब्रू इतिवृत्तांत ही नावं जपलेली आहेत. मी प्रश्न विचारला तेव्हा गाइडनी उत्तर दिलं, चांगलं दिलं, पण विचारल्यावर दिलं. इस्रायलमधल्या फेरीत, गटात ज्यू माणसं असताना, हे विचारायची वेळ यायला नको होती.

गटात दिमोनाहून आलेलं एक वृद्ध जोडपं होतं, मूळ अलिबागकडचं, बेने इस्रायल. मी मुलीशी मराठीत बोलताना ऐकलं आणि आजोबांनी हाक मारली, "बाई, तुम्ही कुठल्या?" त्यानंतर आम्ही सगळी फेरी मराठीत गप्पा मारत केली. ऱ्हाइनकाठची हकिकत ऐकून आजी म्हणाल्या, "आमच्या नवगावला असलं कधी ऐकलं नाही हो. शनिवारी तेल गाळायचं नाही म्हणून शनवार तेली म्हणायचे, तेवढंच." त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. युरोपातल्या ज्यूंच्या आठवणीत 1096 हे साल कोरलेलं आहे. कोकणातल्या ज्यूंना ते पुस्तकातूनच कळलं.

आणखी एक उणीव 1204 ची. चौथ्या क्रूसेडनं व्हेनिसला जहाजांसाठी 85,000 मार्क कबूल केले, तेवढे जमले नाहीत, कर्ज फेडता फेडता आधी झारा हे ख्रिस्ती शहर लुटलं आणि एप्रिल 1204 मध्ये बायझंटाइन राजधानी कॉन्स्टॅन्टिनोपल. ज्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्याच्या मदतीसाठी हे सगळं सुरू झालं त्याचाच कणा मोडला. माझ्या मते क्रूसेडचा सर्वांत दूरगामी परिणाम हाच. गाइडनी तो एका वाक्यात उडवला आणि वाचलेला वेळ नेपोलियनच्या 1799 च्या फसलेल्या वेढ्याला दिला. तटबंदीवर उभं राहिलं की नेपोलियन सांगण्याचा मोह होतो, समजू शकते. पण वेळ थोडा असताना ही निवड चुकीची आहे.

या युद्धांची आठवण नंतर कशी वापरली गेली, यावर मात्र समुद्राकाठच्या तटावर बसून त्यांनी छान सांगितलं. मुस्लिम जगात नऊशे वर्षं हीच जखम भळभळत होती असं आता म्हटलं जातं. प्रत्यक्षात तेराव्या शतकातल्या अरबी इतिहासकारांना 1258 मध्ये बगदाद उद्ध्वस्त करणारे मंगोल कितीतरी मोठं संकट वाटत होते. 1898 मध्ये जर्मन सम्राट विल्हेल्मनं दमास्कसला जाऊन सलादीनच्या कबरीवर पुष्पचक्र वाहिलं, त्याच्या आसपास या आठवणीला नवी धार यायला लागली. मी त्यात हैफाची भर घातली. सप्टेंबर 1918 मध्ये जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळानं हैफा घेतलं, त्याच दिवशी अक्कोही ज्या ब्रिगेडनं घेतलं तिच्यात हिंदी रिसाले होते. त्याआधी, नोव्हेंबर 1917 मध्ये, ब्रिटिश सरकारनं आपल्या वृत्तपत्रांना बजावलं होतं की या लढाईला धर्मयुद्ध किंवा क्रूसेड म्हणू नका. साम्राज्यात कोट्यवधी मुसलमान होते आणि त्यातले कितीतरी याच सैन्यात लढत होते. तरीही लिहिणाऱ्यांनी लिहिलंच.

आपल्याकडे पोचलेला धागा पोर्तुगालचा. पोपनं 1312 मध्ये टेम्पलर संघ बरखास्त केल्यावर पोर्तुगालच्या राजानं त्यांची मालमत्ता 1319 मध्ये ख्रिस्ताचा संघ या नव्या नावाखाली ठेवली. दर्यावर्दी राजपुत्र हेन्री त्याचा प्रमुख होता, आणि त्याच संघाचा क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर होता. 1498 मध्ये कालिकतला उतरलेल्या त्यांच्या माणसाला कशाला आलात असं विचारलं तेव्हा ख्रिस्ती माणसं आणि मसाले शोधायला, असं त्यानं सांगितल्याची नोंद आहे. बारा वर्षांनी गोवा. साखरेच्या कुंडीपाशी जे दोन हेतू शेजारी शेजारी दिसतात तेच इथे, त्याच क्रमानं. गोव्याच्या वाचकांनी अक्को बघावं असं मला वाटतं ते यासाठी.

व्यवहाराच्या गोष्टी. गुडघे दुखत असतील तर बोगदा सोडा. वाड्यात जिने आहेत पण कठडे बरे आहेत. फरशी ओलसर आणि गुळगुळीत असते, चपला नकोत. बारा वर्षांखालच्या मुलांना आणू नका, बोगदा सोडला तर कंटाळतील. गाइडचं इंग्रजी स्पष्ट आहे पण वेग जास्त; भांड्यांच्या दालनात तर फारच घाई केली, तिथे थांबवून घ्या. नुसते फोटो काढायचे असतील तर या फेरीवर पैसे घालू नका, तिकीट काढून एकटे फिरा. इतिहास थोडा वाचून जाणार असाल तर जरूर घ्या, आणि ऱ्हाइनकाठ व कॉन्स्टॅन्टिनोपलबद्दल तुम्हीच विचारा, त्यांना माहिती भरपूर आहे. मी दहापैकी आठ गुण देईन.

हैफाहून ट्रेन अर्ध्या तासाची, स्टेशनपासून जुनं शहर चालत वीसेक मिनिटं. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत ट्रेन बंद असतात. जुन्या शहरातली वस्ती बहुतांश अरब, त्यामुळे शनिवारी बाजार आणि खाणावळी चालू असतात. त्या दिवशी जायचं तर येण्याजाण्याची सोय आधी बघून ठेवा.